वाचकांचे प्रश्न : सोलापुरात नमाजाच्या वेळा कशा ठरतात?

रमजान जवळ आला की या सदराकडे वेळापत्रकांविषयी दोन-चार पत्रे हमखास येतात. या वेळी ती इतकी आली की एक संपूर्ण सदर याच विषयाला द्यावे असे ठरवले. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी धर्मशास्त्राचा अधिकारी नाही. शाळेत गणित आणि भूगोल शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि शेजारच्या मशिदीच्या कमिटीला वर्षभराचा तक्ता मांडून देण्याच्या निमित्ताने मी या विषयात शिरलो. कोणते मत मानावे हे आपापले पेश इमाम किंवा मुफ्ती सांगतील. छापलेला आकडा कुठून येतो एवढेच मी येथे सांगणार आहे. खाली दिलेल्या सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे त्यांत सावधगिरीची मिनिटे मिळवलेली नाहीत.

प्रश्न : नमाजाच्या वेळा सूर्यावरून ठरतात असे माझा मित्र सांगतो, पण रोज कोणी सूर्य पाहत बसलेले मला दिसत नाही. मग वर्षभराच्या वेळा आधीच कशा छापता येतात? (अकरावीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : सूर्य पाहण्याचे काम पूर्वीच्या लोकांनी शतकानुशतके केले, आणि त्या निरीक्षणांतून आलेले गणित आज आपण वापरतो. नमाज ठरलेल्या वेळांना बांधलेली आहे असे कुरआनात सूरह निसाच्या १०३व्या आयतीत म्हटले आहे, आणि देवदूत जिब्रील यांनी दोन दिवस नमाज पढवून प्रत्येक वेळेचा आरंभ आणि शेवट दाखवून दिल्याचे वर्णन हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींत, येते. त्या वर्णनात तास-मिनिटे नाहीत; सावलीची लांबी, क्षितिजावरची लाली, पहाटेचा उजेड आणि रात्रीचा अंधार आहे. पूर्वेला पहाटेचा खरा उजेड, म्हणजे सुबह सादिक, पसरला की फजरची वेळ सुरू होते आणि सूर्योदयाला ती संपते. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर, वस्तूची सावली ठरावीक लांबीची झाली की असर, सूर्यबिंब पूर्ण मावळले की मगरिब, आणि मावळतीनंतरचा संधिप्रकाश नाहीसा झाला की इशा. यांतील प्रत्येक खूण म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची विशिष्ट उंची किंवा खोली होय, आणि ती अंशांत मांडता आली की उरते ते केवळ गणित.

त्या गणिताचा पाया मध्याह्न हा आहे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सोलापूर साधारण ७५ अंश ५४ मिनिटे रेखांशावर, म्हणजे त्या रेषेच्या सुमारे ६.६ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येण्याची सरासरी वेळ १२ वाजून २६ मिनिटे ही येते. ही झाली सरासरी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे असतो. पंचांगवाले या फरकाला वेलांतर म्हणतात. त्यामुळे सोलापूरचे मध्याह्न नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२.१० लाच होते आणि ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२.४१ पर्यंत लांबते. घड्याळात बाराचे ठोके पडले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, हे आपल्या शहरात वर्षातल्या एकाही दिवशी खरे नसते.

मध्याह्न कळले की सूर्य हव्या त्या उंचीवर येण्यास त्याच्या किती आधी किंवा किती नंतर असेल, एवढेच काढायचे असते. त्याला दोन आकडे लागतात : गावाचा अक्षांश, जो सोलापूरसाठी सुमारे १७ अंश ४० मिनिटे आहे, आणि सूर्याची त्या दिवसाची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन. हव्या त्या उंचीच्या साइनमधून अक्षांश आणि क्रांती यांच्या साइनचा गुणाकार वजा करावा, उरलेल्या संख्येला त्या दोहोंच्या कोसाइनच्या गुणाकाराने भागावे, आणि येणारी संख्या ज्या कोनाचे कोसाइन असेल तो कोन घ्यावा; दर पंधरा अंशांना एक तास. २१ जूनचा सूर्यास्त आपण स्वतः काढून पाहावा. बिंबाची वरची कड क्षितिजाखाली जाते तेव्हा बिंबाचा मध्य सुमारे ५० कला, म्हणजे ०.८३ अंश, खाली असतो. त्यातल्या ३४ कला हवेतील अपवर्तनाच्या आणि १६ कला बिंबाच्या त्रिज्येच्या. गणित ९८.९ अंश देते, त्याचे झाले सहा तास ३६ मिनिटे. त्या दिवशीचे मध्याह्न १२.२८ चे आहे, म्हणून सूर्यास्त ७ वाजून ४ मिनिटांनी. असाच २१ डिसेंबरचा सूर्यास्त ५.५७ ला येतो.

एकाच तारखेच्या वेळा दरवर्षी जवळजवळ त्याच असतात, लीप वर्षामुळे फार तर मिनिटभराचा फरक पडतो. म्हणूनच मशिदीतल्या फळीवर चिकटवलेला 'दायमी', म्हणजे कायमचा, तक्ता वर्षानुवर्षे चालतो. हे काम करणाऱ्यांना एकेकाळी स्वतंत्र पद असे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर हा खगोलज्ञ मुवक्कित, म्हणजे वेळा ठरवणारा, म्हणून नेमलेला होता. ग्रहगतींवर त्याने केलेले काम आजही अभ्यासले जाते, पण त्याची नेमणूक नमाजाच्या वेळांसाठी होती, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी गंमत वाटे.

प्रश्न : माझ्या मोबाइलमधील अ‍ॅप, मशिदीतील तक्ता आणि मुलाच्या मोबाइलमधील दुसरे अ‍ॅप या तिन्हींत फजरच्या वेळेत पंधरा-पंधरा मिनिटांचा आणि असरच्या वेळेत तासाहून अधिक फरक पडतो. यांतले बरोबर कोण? (विजापूर वेस)

उत्तर : तिन्ही बरोबर असू शकतात. सूर्योदय, मध्याह्न आणि सूर्यास्त या तीन वेळा ताडून पाहिल्यात, तर त्यांत एखाद्या मिनिटापेक्षा जास्त अंतर आपणास सापडणार नाही. मतभेद आहेत ते उरलेल्या तीन खुणांच्या व्याख्येत.

फजरचे पाहू. पहाटेचा पहिला उजेड सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना दिसतो, याची उत्तरे निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळी घेतली आहेत. कराचीच्या इस्लामी विद्यापीठाची म्हणून ओळखली जाणारी पद्धत फजर आणि इशा दोन्हींना १८ अंश घेते. मुस्लिम वर्ल्ड लीग फजरला १८ आणि इशाला १७ अंश धरते, इजिप्तच्या सर्वेक्षण प्राधिकरणाच्या पद्धतीत हे आकडे साडेएकोणीस आणि साडेसतरा आहेत, तर उत्तर अमेरिकेतील इस्ना या संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत दोन्हींना १५ अंश घेते. सोलापुरात सूर्याला १५ अंशांवरून १८ अंशांखाली जाण्यास, ऋतूप्रमाणे, साडेबारा ते पंधरा मिनिटे लागतात. २१ जूनला १८ अंशांची फजर ४.३० ला, तर १५ अंशांची ४.४५ ला सुरू होते. आपला पंधरा मिनिटांचा फरक हाच असावा. मुलाचे अ‍ॅप बहुधा अमेरिकेच्या पद्धतीवर सोडलेले आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन पद्धत बदलली की ते मशिदीच्या तक्त्याशी जुळेल.

सौदी अरेबियाची उम्मुल कुरा पद्धत इशासाठी कोनच घेत नाही. मगरिबनंतर ९० मिनिटे आणि रमजानमध्ये १२० मिनिटे असा तिचा नियम आहे. आपल्याकडे १८ अंशांनी येणारी इशा मगरिबनंतर ७२ ते ८२ मिनिटांनी सुरू होते, म्हणून ते सेटिंग ठेवले तर इशा विनाकारण उशिरा दिसेल. इशाबाबत आणखी एक सूक्ष्म मतभेद जुना आहे. संधिप्रकाशातील लाली गेली की वेळ झाली, असे हनफी मताचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद मानतात, तर लालीनंतर उरणारी पांढुरकी छटाही गेली पाहिजे असे खुद्द इमाम अबू हनीफा यांचे मत सांगितले जाते. आपल्याकडचे तक्ते १८ अंश घेतात ते या पांढऱ्या छटेला धरून.

असरचा फरक तर याहून सरळ आहे. सुन्नी धर्मशास्त्रात हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली अशी चार मते आहेत. त्यांपैकी शाफई, मालिकी आणि हंबली मतांप्रमाणे मध्याह्नीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू होते. हनफी मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. या चारांपैकी कोणत्याही एका मताला न बांधलेल्या अहले हदीस मशिदीही एकपट सावली मानतात. आपल्या भागात हनफी लोकसंख्या अधिक असल्याने मशिदीतला तक्ता दुप्पट सावलीचा असतो, आणि कोकणातून आलेली मुस्लिम कुटुंबे बहुधा शाफई असल्याने त्यांच्या घरातील तक्त्यात असर आधी दिसते. २१ जूनला सोलापुरात शाफई असर ३.५२ ला आणि हनफी असर ५.०५ ला लागते, म्हणजे सव्वा तासाचे अंतर. २१ डिसेंबरला त्याच वेळा ३.३४ आणि ४.२१ अशा, म्हणजे पाऊण तासाचे. बहुतेक अ‍ॅपमध्ये यासाठी वेगळे बटण असते आणि बहुतेक लोकांनी ते कधी उघडलेले नसते.

प्रश्न : आपण लिहिलेल्या 'मूळ सावली'चा उल्लेख आमच्या मौलानांच्या बोलण्यातही साया असली असा येतो. पण मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सावली नाहीशीच होते. तेव्हा काय मोजायचे? (साखर पेठ)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, आणि ते कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गावांनाच करता येते, दिल्लीकरांना ही सोय नाही. सूर्याची क्रांती आपल्या अक्षांशाएवढी होते तो दिवस सोलापुरात १० मेच्या आसपास आणि परतताना २ ऑगस्टच्या आसपास येतो. त्या दुपारी सरळ उभ्या काठीला सावली नसते, म्हणजे साया असली शून्य. मग असरसाठी नुसती काठीची एकपट किंवा दुप्पट लांबी मोजायची. १० मेला हे हिशेब ३.३२ आणि ४.५१ या वेळांवर येतात.

या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते, जी पाहून नव्याने मोजणारा माणूस हमखास गोंधळतो. मी गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करून हे वर्षभर मोजले आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारची सावली दक्षिणेला जेमतेम दहा सेंटिमीटर असते, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच उत्तरेला सत्त्याऐंशी सेंटिमीटर भरते. म्हणून डिसेंबरात हनफी असरसाठी सावली दोन मीटर नव्हे, तर दोन मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर व्हावी लागते. मूळ सावली मिळवायची राहिली, तर थंडीच्या दिवसांत असरची वेळ होण्यापूर्वीच नमाज पढली जाईल. आपणही करून पाहावे. काठी, ओळंबा आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते, फक्त गच्ची सपाट हवी, आणि पत्र्याच्या घरांत ती अडचण येते हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : रमजानच्या महिन्यात सहरीची, म्हणजे रोजापूर्वीच्या पहाटेच्या जेवणाची, वेळ रोज भराभर मागे येते, इफ्तारची मात्र जागची फारशी हलत नाही. दिवस दोन्ही बाजूंनी सारखा वाढायला हवा ना? (होटगी रस्ता)

उत्तर : दिवस दोन्ही बाजूंनी सारखाच वाढतो, पण ज्या मध्याह्नाभोवती तो वाढतो ते मध्याह्नच सरकत असते. २०२५चा रमजान घेऊ, जो आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला आणि ३१ मार्चला ईद झाली. पहिल्या रोजाला, १८ अंशांच्या हिशेबाने, सहरीची शेवटची वेळ ५.३२ ची आणि सूर्यास्त ६.३३ चा येतो. ३० मार्चच्या शेवटच्या रोजाला त्या वेळा ५.१० आणि ६.३९ अशा होतात. म्हणजे सहरी २२ मिनिटांनी आधी आली आणि इफ्तार अवघी सहा मिनिटे पुढे गेली. मध्याह्नापासून पहाटेपर्यंतचे आणि मध्याह्नापासून सूर्यास्तापर्यंतचे अंतर या महिन्यात प्रत्येकी सुमारे चौदा मिनिटांनी वाढले. मात्र त्याच काळात मध्याह्न १२.३८ वरून १२.३१ च्या आत, सुमारे आठ मिनिटांनी अलीकडे आले. चौदातून आठ वजा केले की संध्याकाळची सहा मिनिटे उरतात, आणि चौदात आठ मिळवले की सकाळची बावीस होतात.

हे वर्षभर असेच चालत नाही. हिजरी वर्ष आपल्या चालू कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तो येईल तेव्हा वाचकांचे प्रश्न उलट येतील, कारण सोलापुरातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त २१ डिसेंबरला नसून नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, ५.४९ च्या सुमारास असतो; त्यानंतर दिवस लहान होत असतानाही इफ्तार पुढे जाऊ लागते.

प्रश्न : आम्ही बार्शीला राहतो आणि सोलापूरचा तक्ता वापरतो. किती मिनिटे मिळवावीत? माझ्या भावाकडे पंढरपूरला हाच तक्ता आहे. (बार्शी)

उत्तर : आपल्या भावाचे काम सोपे आहे. पंढरपूर सोलापूरच्याच अक्षांशावर आणि अर्ध्या अंशाहून किंचित जास्त पश्चिमेला आहे, म्हणून तेथे वर्षभर प्रत्येक वेळेत सव्वादोन मिनिटे, व्यवहारात दोन किंवा तीन, मिळवली की झाले. आपल्या भागात पूर्व-पश्चिम सव्वीस-सत्तावीस किलोमीटरला एक मिनिट हा हिशेब लक्षात ठेवावा.

बार्शीचे मात्र असे नाही, कारण ती पश्चिमेला थोडी आणि उत्तरेला अर्ध्या अंशाहून जास्त आहे. पश्चिमेमुळे सगळ्या वेळा जेमतेम मिनिटभर उशिरा येतात. उत्तरेमुळे उन्हाळ्यात दिवस सोलापूरपेक्षा दोन्ही टोकांना मिनिटभर मोठा आणि हिवाळ्यात तेवढाच लहान होतो. परिणामी जूनमध्ये बार्शीचा सूर्यास्त दोन मिनिटे उशिरा असतो आणि सूर्योदय जवळपास सोलापूरच्याच वेळी. डिसेंबरात सूर्योदय दोन मिनिटे उशिरा आणि सूर्यास्त जवळपास एकाच वेळी. म्हणून एकच आकडा सर्व महिन्यांना लावू नये. रोजासाठी मी इतकेच सुचवीन की सहरी सोलापूरच्या तक्त्याप्रमाणेच संपवावी आणि इफ्तार दोन मिनिटे थांबून करावी. दोन्हीकडे आपण सुरक्षित बाजूला राहाल.

याच संदर्भात एका वाचकाने हैदराबादच्या तक्त्याबद्दल विचारले आहे. हैदराबादला वेळा आपल्यापेक्षा सुमारे दहा मिनिटे आधी येतात आणि अक्षांशातील फरक लहान आहे, त्यामुळे दहा मिनिटे मिळवून काम भागते. पण स्वतःच्या शहराचा तक्ता सहज मिळत असताना ही कसरत कशासाठी?

प्रश्न : घरात पंचांग आहे. त्यातला सूर्यास्त पाहून इफ्तार ठरवली तर चालेल काय? (बाळीवेस)

उत्तर : सूर्य एकच असल्याने तत्त्वतः चालेल, आणि दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघते, पण कोणत्याही पंचांगात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरात पानावरचा सूर्यास्त कोणत्या शहराचा दिला आहे, हे आधी वाचावे. तो मुंबईचा असेल तर सोलापूरचा सूर्यास्त त्याच्या दहा (डिसेंबर) ते पंधरा (जून) मिनिटे आधी झालेला असतो. इफ्तारीला उशीर झाला तर भूक तेवढी वाढेल. खरी अडचण सहरीची आहे, कारण मुंबईच्या वेळेवर विसंबणारा सोलापूरकर सुबह सादिक झाल्यावरही नऊ ते चौदा मिनिटे खात राहतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हाती एक सुबक छापलेला तक्ता आला होता, वर ठळक अक्षरांत 'सोलापूर' आणि खाली सगळे आकडे मुंबईचे. छापणाऱ्याला कळवले, त्यांनी मान्यही केले, पण वाटले गेलेले तक्ते परत कोण आणणार?

प्रश्न : काही तक्त्यांत जवालची वेळ पाच-दहा मिनिटांची असते, तर काहींत चाळीस मिनिटांची. एवढा फरक का? (शास्त्रीनगर)

उत्तर : शब्दाचा घोटाळा आधी सोडवू. जवाल म्हणजे सूर्याचे कलणे. ते झाले की जोहरची वेळ सुरू होते. बोलीत मात्र आपण कलण्याच्या आधीच्या, नमाजासाठी वर्ज्य असलेल्या काळालाच जवाल म्हणू लागलो आहोत. सूर्यबिंबाला मध्यान्हरेषा ओलांडण्यास दोन मिनिटांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. जे केवळ हाच क्षण वर्ज्य मानतात, ते दोन्ही बाजूंना काही मिनिटे सोडून पाच-दहा मिनिटांचा काळ छापतात.

दुसऱ्या तक्त्यांत हा काळ जहवा-ए-कुब्रापासून धरलेला असतो. शरई, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे मोजलेला, दिवस सूर्योदयाला नव्हे तर सुबह सादिकला सुरू होतो आणि सूर्यास्ताला संपतो. त्या दिवसाचा बरोबर मध्य म्हणजे जहवा-ए-कुब्रा. दिवसाला पहाटेचा तुकडा एकाच बाजूने जोडल्यामुळे हा मध्य खऱ्या मध्याह्नाच्या आधी येतो, आणि किती आधी, तर पहाटेच्या त्या तुकड्याच्या निम्म्याने. सोलापुरात सुबह सादिक ते सूर्योदय हा काळ ७२ ते ८२ मिनिटांचा असल्याने जवालचा काळ ३६ ते ४१ मिनिटांचा होतो. २१ डिसेंबरला तो ११.४६ ते १२.२५ असा येतो. ही वेळ रोजाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे, कारण हनफी मताप्रमाणे रमजानच्या रोजाची नियत, म्हणजे संकल्प, पहाटे करायची राहून गेली असेल आणि सकाळपासून काही खाल्ले-प्यालेले नसेल, तर जहवा-ए-कुब्राच्या आधीपर्यंत ती करता येते.

प्रश्न : आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. खाली अजान होते तेव्हा आम्हाला सूर्याची कड दिसत असते. शिवाय अ‍ॅप शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारते. ती भरावी काय? (सात रस्ता)

उत्तर : उंचावरून क्षितिज खाली वाकलेले दिसते, म्हणून सूर्य उशिरा मावळतो, हे खरे. पंचवीस मीटर उंचीवर हा फरक पाऊण मिनिटाच्या आतला असतो, आणि बहुतेक तक्त्यांत इफ्तारीला दोन-तीन मिनिटांची एहतियात, म्हणजे सावधगिरीची भर, आधीच मिळवलेली असल्याने तो त्यात सामावून जातो. तरीही डोळ्यांना कड दिसत असेल तर तेवढे थांबावे.

अ‍ॅपमध्ये मात्र शहराची उंची भरू नये. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, पण आपल्या चारी बाजूंचे पठारही जवळपास त्याच उंचीवर आहे, त्यामुळे आपले क्षितिज समुद्रकाठच्या माणसासारखेच समोर असते. तो आकडा भरला तर अ‍ॅप आपण समुद्राकाठच्या साडेचारशे मीटरच्या कड्यावर उभे आहोत असे समजून सूर्यास्त अडीच मिनिटांनी लांबवते.

प्रश्न : एकाच शहरात प्रत्येक मशिदीत नमाज वेगवेगळ्या वेळी का होते? आमच्या नव्या मशिदीसाठी कमिटीला तक्ता छापायचा आहे; काय काळजी घ्यावी? (नई जिंदगी)

उत्तर : तक्त्यातला वक्त, म्हणजे नमाजाचा काळ, आणि फळीवरची जमाअत, म्हणजे एकत्र नमाजाची वेळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वक्त आकाश ठरवते आणि सोलापूर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो अर्ध्या मिनिटानेही बदलत नाही. जमाअत त्या वक्ताच्या आत कमिटी ठरवते, आणि ती ठरवताना यंत्रमागाच्या पाळ्या, बाजारपेठेतील दुकाने, शाळा सुटण्याची वेळ यांचा विचार होतो. बाजारातल्या मशिदीत जोहरची जमाअत दीडला आणि वस्तीतल्या मशिदीत दोनला होत असेल, तर त्यात विसंगती काहीच नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा शहराचा निम्मा दिनक्रम त्यांवर बेतलेला असे, आणि मला वाटते जमाअतीच्या वेळांवरही त्याची छाया पडलेली असणार. मगरिबची मात्र अजानपाठोपाठ जमाअत होते, म्हणून पाच घड्याळांतले तेवढे एक रोज हलवावे लागते. फजरच्या जमाअतीबाबत हनफी मशिदी उजेड पसरण्याची वाट पाहतात आणि रमजानमध्ये सहरीनंतर लगेच नमाज उरकतात, म्हणून तीही ऋतूप्रमाणे बदलताना दिसते.

तक्त्यासाठी इंटरनेटवरून तयार आकडे उतरवून घेण्यास हरकत नाही, पण छापण्यापूर्वी तीन पडताळण्या कराव्यात. २१ जूनचा सूर्यास्त ७.०४ आणि २१ डिसेंबरचा ५.५७ च्या आसपास येतो का ते पाहावे. नाही तर अक्षांश किंवा रेखांश चुकला आहे. कोणत्याही स्वच्छ दिवशी काठीची सर्वांत आखूड सावली तक्त्यातील मध्याह्नाला पडते का ते पाहावे. आणि शक्य असेल तर एखाद्या थंडीतल्या निरभ्र, चंद्र नसलेल्या पहाटे कमिटीतील दोघा-तिघांनी पेश इमामांना घेऊन नान्नजच्या माळरानासारख्या अंधाऱ्या जागी जाऊन सुबह सादिक स्वतः पाहावी, कारण शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात ती दिसत नाही. आधी पूर्वेला वर निमुळता होत गेलेला फिकट उभा पट्टा दिसतो. ती सुबह काजिब, म्हणजे खोटी पहाट, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परावर्तित झालेला प्रकाश. तिच्याने सहरी संपत नाही. त्यानंतर क्षितिजाला लागून आडवा पसरत जाणारा उजेड येतो, आणि कुरआनात काळ्या धाग्यातून पांढरा धागा वेगळा दिसू लागण्याची जी खूण सांगितली आहे ती याची. मी अशा दोन फेऱ्या केल्या आहेत; दुसऱ्या वेळी ढगांनी घात केला.

एहतियातीची मिनिटे कमिटीने मौलानांना विचारून ठरवावीत, मात्र ती एकदाच मिळवावीत. तयार आकड्यांत ती आधीच असतात, छापणारा आणखी दोन मिळवतो आणि अजान देणारा स्वतःच्या घड्याळाने आणखी दोन, असे होत होत इफ्तार सहा-सात मिनिटांनी लांबलेली मी पाहिली आहे. म्हणून तक्त्याच्या तळाशी एका ओळीत अक्षांश-रेखांश, फजर आणि इशाचा कोन, असर एकपट की दुप्पट, आणि कोणत्या वेळेत किती मिनिटांची एहतियात धरली आहे, एवढे छापून घ्यावे. छपाईला एक ओळ जास्त लागेल, पण पुढच्या वर्षी कोणी मोबाइल समोर धरून वाद घालू लागला तर त्याला ती ओळ दाखवता येईल.